रेस वाढवून घेऊ नकोस

अगं, तुझा व्हॉइस मेसेज आधी तुझ्यासाठी ऐकला आणि मग तुझ्या मागे धडधडणाऱ्या गाडीसाठी. सिग्नलला थांबलीस की गाडी बंद पडायची, मागचे हॉर्न वाजवायचे, कुणीतरी काका "मॅडम, बाजूला घ्या ना" म्हणायचे आणि तुला तिथंच रडू यायचं. येणारच गं, भर चौकात कुणालाही येईल. पण त्यापुढे तू जे सांगितलंस, त्यावर मी जरा थांबले. पीयूसी काढून आणल्यापासून हे सुरू झालं. मग कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये नेलीस, त्याने एक स्क्रू फिरवला, "रेस वाढवून दिलीय" म्हणाला आणि पैसेही घेतले नाहीत. आता सिग्नलला बंद पडत नाही, पण डबल स्टँडवर लावली तरी मागचं चाक गरगरत राहतं, ब्रेक सोडला की गाडी आपण होऊन पुढे सरकते आणि सकाळी गार असताना बंद पडायची ती पडतेच.

पैसे घेतले नाहीत म्हणून तो तुला भला वाटला. असेलही. गाडीचं दुखणं मात्र होतं तिथंच आहे. तू म्हणालीस, "ताई, मला यातलं काही कळत नाही, त्याला काय विचारू?" तर आज तेच सांगते. डिप्लोमाला ऑटोमोबाइल घेतलं तेव्हा घरात जी कुरकुर झाली ती तुला आठवत नसेल, तू लहान होतीस. तिचा काही उपयोग तुला तरी होऊ दे.

तू नेलीस ती आईची गिअरलेस स्कूटर जुनी, म्हणजे कार्बोरेटरवाली. तिच्या कार्बोरेटरवर दोन स्क्रू असतात. सगळी भानगड या दोघांची आहे, आणि गॅरेजवाले यातल्या एकाची चूक दुसऱ्याच्या मागे लपवतात.

पहिला स्क्रू रेसचा. ॲक्सिलरेटर पूर्ण सोडलेला असताना इंजिन जेवढ्या वेगाने फिरत राहतं, त्याला गॅरेजमध्ये कुणी रेस म्हणतं, कुणी स्लो, आणि कंपनीच्या पुस्तकात आयडल स्पीड लिहिलेलं असतं. गिअरलेस स्कूटरला तो मिनिटाला १,७०० फेऱ्यांच्या आसपास असतो, शंभरभर इकडेतिकडे. शंभर सीसीच्या मोटारसायकलला १,४०० च्या जवळपास, आणि चारचाकी सातशे ते नऊशेवर निवांत चालते. लहान इंजिनाला जास्त पळावं लागतं याचं कारण सोपं आहे. चारचाकीत चार सिलिंडर पाळीपाळीने जोर लावतात. स्कूटरला एकच सिलिंडर, आणि तोही दोन फेऱ्यांत एकदाच जोर लावतो. मधला वेळ जड फ्लायव्हीलने पेलायचा. फेऱ्या फार मंदावल्या की पुढच्या जोरापर्यंत पोचण्याआधीच इंजिनाचा दम संपतो आणि गाडी बंद पडते.

कार्बोरेटरच्या नळीत एक गोल झडप असते, बटरफ्लाय म्हणतात तिला. तू ॲक्सिलरेटर पिळतेस तेव्हा केबल हीच झडप उघडते. सोडलास की ती मिटते, पण पुरती मिटली तर हवा बंद आणि इंजिनही बंद. म्हणून रेसच्या स्क्रूचं टोक झडपेला आडवं येतं आणि केसभर फट ठेवतं. स्क्रू आत फिरवला की फट वाढते, हवा जास्त जाते, रेस चढते. तुझ्या मेकॅनिकने केलं ते एवढंच.

आता दुसरा स्क्रू. याचं नाव मिक्श्चर स्क्रू, आणि खरा लाडावलेला हाच. १,७०० च्या रेसवर तुझं इंजिन सेकंदाला साधारण चौदा वेळा हवा आत ओढतं. समोर झडप जवळजवळ मिटलेली, म्हणून झडपेच्या मागे, इंजिनाच्या बाजूला, जबरदस्त ओढ तयार होते. झडपेच्या पुढे मात्र हवा इतकी रेंगाळत असते की तिथल्या मोठ्या जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या तोटीतून, तिला पेट्रोल उचलताच येत नाही. म्हणजे पळताना ज्या वाटेने पेट्रोल येतं, ती वाट उभ्या गाडीला बंदच. यासाठी कार्बोरेटरमध्ये वेगळी गल्लीच ठेवलेली असते: एक छोटा पायलट जेट, त्यातून आलेलं पेट्रोल आधी थोड्या हवेत मिसळतं आणि झडपेच्या अगदी मागे एका बारीक भोकातून बाहेर पडतं, जिथं ती ओढ असते. त्या भोकातून किती सोडायचं ते हा दुसरा स्क्रू ठरवतो.

किती सोडायचं याला हिशेब आहे. एक ग्रॅम पेट्रोल पुरतं जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. वजनात हा आकडा मामुली वाटतो, पण हवेला वजन ते किती! मापात सांगते: एका लिटर पेट्रोलला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा. पेट्रोल पंपावर आपण फक्त पेट्रोलचे पैसे मोजतो म्हणून हवेची आठवण राहत नाही. हवेच्या मानाने पेट्रोल जास्त झालं की मिक्श्चर रिच, कमी झालं की लीन. घरी शेगडीच्या बर्नरची भोकं तुंबली की ज्योत पिवळी पडते आणि भांड्याचं बूड काळं होतं ना? रिच इंजिनाचं तेच होतं. प्लग काजळतो, सायलेन्सरमधून काळपट धूर आणि पेट्रोलचा वास येतो, एव्हरेज पडतं. लीनची लक्षणं वेगळी. रेस एकसारखी राहत नाही, वरखाली डोलत राहते, गार असताना इंजिन दमच धरत नाही, आणि उतारावर ॲक्सिलरेटर सोडला की सायलेन्सरमध्ये फट्फट् फुटतं.

१४.७ हे पुस्तकातलं परिपूर्ण जळणं झालं. उभ्या गाडीला खरं तर त्याहून थोडं रिचच लागतं, कारण झडप मिटलेली असल्यामुळे आधीचा जळका धूर सिलिंडरमधून पुरता बाहेर पडत नाही आणि नव्या मिक्श्चरमध्ये मिसळतो. घाट चढताना, पूर्ण जोर हवा असताना, साडेबारा-तेरा भागच हवा लागते. सपाट रस्त्यावर रमतगमत जाताना पंधरा-सोळावरही भागतं. एकाच आकड्यावर सदासर्वकाळ चालणारं पेट्रोलचं इंजिन नसतं, म्हणून तर कार्बोरेटरमध्ये इतके जेट आणि इतक्या गल्ल्या.

आता तुझ्या पीयूसीकडे येऊ. माझा संशय काय आहे ते उघडच सांगते. पीयूसीवाला सायलेन्सरमध्ये नळी घालतो तेव्हा गाडी उभ्याने, रेसवर चालू असते, आणि मशीन मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड मोजतं. तो वायू अपुऱ्या हवेत जळलेल्या पेट्रोलचा, म्हणजे रिच मिक्श्चरचा. २००० नंतरच्या जुन्या दुचाकींना त्याची मर्यादा ३.५ टक्के होती, नंतरच्या गाड्यांना ती आणखी खाली आणली. आकडा जास्त आला की काही जण गुपचूप मिक्श्चर स्क्रू आत पिळतात. पेट्रोल कमी, आकडा खाली, कागद हातात. घरी येईपर्यंत गाडी लीन झालेली असते. मग ती सिग्नलला बंद पडते, मग दुसरा कुणी रेसचा स्क्रू पिळतो. दोन्ही स्क्रू आपापल्या जागेवरून हलले आणि प्रत्येकाने तुला सांगितलं की काम झालं.

रेस चढवून दुखणं झाकतं कसं, तेही ऐक. झडपेची फट वाढली की झडपेच्या कडेशी असलेली आणखी एक-दोन भोकं ओढीच्या टप्प्यात येतात आणि त्यातून इंजिनाला वरकड पेट्रोल मिळतं. पायलटची वाट कोरडी असली तरी इंजिन चालू राहतं. बाहेरून सगळं ठीक. पण गिअरलेस गाडीचा क्लच फेऱ्यांवर चालतो. फेऱ्या वाढल्या की क्लचचे शू बाहेर फेकले जातात आणि ड्रमला धरतात. ते उभ्या गाडीत मोकळे राहावेत म्हणूनच रेस खाली ठेवलेली असते. तुझी रेस इतकी वर आहे की शू अर्धवट घासतायत. म्हणून चाक फिरतं, म्हणून गाडी सरकते. शू जळतील, पेट्रोल जाईल, ते सोड. माझा जीव घाबरतो तो गर्दीचा. शाळा सुटायच्या वेळी तू झेब्रा क्रॉसिंगला उभी, एक हात फोनकडे गेला, ब्रेक सुटला आणि गाडी चार पोरांच्या अंगावर सरकली तर? क्लच येत्या महिन्यात बदलता येईल. रेस याच आठवड्यात खाली आण.

कसं करायचं ते लिहून ठेव. हे काम दुसऱ्याने केलं तरी चालेल, पण तू शेजारी उभी राहा आणि बघ.

आधी गाडी दहा-पंधरा मिनिटं चालवून गरम होऊ दे. गार इंजिनावर लावलेलं सेटिंग कामाचं नाही. मग इंजिन बंद करून मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने आत फिरवायचा, बुडाला टेकला की थांबायचं. जोर लावायचा नाही, टोकाला सुईसारखी निमुळती अणी असते, ती दाबून बिघडली की कार्बोरेटरच वाया. तिथून कंपनीच्या पुस्तकात दिलेले तेवढे आटे बाहेर काढायचे, बहुतेक गाड्यांत दीड ते अडीचच्या दरम्यान असतात. गाडी सुरू करायची, रेसचा स्क्रू कमी करत नीट चालेल इतपत आणायचा, आणि मिक्श्चर स्क्रू अगदी सावकाश इकडून तिकडे फिरवत कान द्यायचे. एका जागी रेस सगळ्यांत चढलेली आणि आवाज सगळ्यांत सलग असतो. दोन्हीकडे त्यापुढे गेलं की इंजिन लंगडायला लागतं. ती मधली जागा सापडली की मिक्श्चरला हात लावायचा नाही. राहिलेली जास्तीची रेस पहिल्या स्क्रूने उतरवायची. क्रम महत्त्वाचा: आधी मिक्श्चर, मग रेस. मेकॅनिक थेट रेसकडे वळला तर विचार, "दादा, मिक्श्चर बघितलं का?" आवाज चढवू नकोस, फक्त विचार. या एका वाक्याने तुझ्याशी बोलण्याची त्याची तऱ्हा बदलते, हे मी अनेकदा पाहिलंय.

एक गोष्ट गॅरेजवाले विसरतील म्हणून सांगते. काही कार्बोरेटरमध्ये हा स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असतो. तो पेट्रोल नव्हे, हवा सोडतो, म्हणजे बाहेर काढला की लीन होतं. इंजिनाच्या बाजूला असला की उलट, बाहेर काढला की रिच. काही मॉडेलांत कंपनीनेच त्यावर टोपी बसवून तो पुरता फिरू नये अशी सोय केलेली असते. तिथं जबरदस्ती करायची नाही.

आणि हे सगळं उघड्यावर कर. तुमच्या सोसायटीचं पार्किंग तळघरात आहे. चालू इंजिन घेऊन तिथं बसू नकोस. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग ना वास. डोकं जड झालं म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

मिक्श्चर स्क्रू कितीही फिरवला तरी इंजिनाला फरक पडत नसेल तर? मग पायलट जेट तुंबलाय, आणि आईच्या गाडीच्या बाबतीत तेच असण्याची शक्यता मला बरीच वाटते. तू नेईपर्यंत ती कितीतरी महिने ओसरीत उभी होती. पेट्रोल उडून जातं आणि मागे चिकट, पिवळट राप ठेवतं. पायलट जेटचं भोक अर्ध्या मिलिमीटरहूनही बारीक, ते बुजायला किती लागतं? कार्बोरेटर उघडून क्लीनर मारून, हवेचा फवारा देऊन ते मोकळं होतं. भोकात तार घालू द्यायची नाही, पितळ मऊ असतं, भोक मोठं झालं की आयुष्यभर रिच.

तार म्हटलं की मला बेर्था बेंझ आठवते. १८८८ च्या ऑगस्टमध्ये ही बाई नवऱ्याला न सांगता त्याने बनवलेली तीनचाकी मोटार घेऊन, ओइगेन आणि रिचर्ड या दोन मुलांना बरोबर घेऊन, जर्मनीत मानहाइमहून फोर्त्सहाइमला माहेरी गेली. शंभरेक किलोमीटरचा रस्ता, वाटेत पंप नाहीत कारण पंप ही गोष्टच जन्माला आली नव्हती. वीसलोखच्या औषधाच्या दुकानातून तिने डाग काढायला वापरतात ते लिग्रोइन घेतलं आणि टाकीत ओतलं. पेट्रोलची नळी तुंबली तेव्हा हॅटची पिन काढून मोकळी केली. जगातला पहिला लांबचा मोटारप्रवास बाईने केला आणि वाटेतली दुरुस्तीही तिनेच केली. पुढच्या वेळी कुणी "मॅडम, तुम्हाला नाही कळणार" म्हणालं तर त्याला बेर्था सांगू नकोस, तो ऐकणार नाही. आपण मनात ठेवायची. बाकी तिने मोकळी केली ती नळी होती, जेट नव्हे, म्हणून पिन चालली. तू घालू नकोस.

जेट साफ केल्यावरही रेस डोलत असेल तर कार्बोरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबरी जोड बघायला सांग. त्याला चीर गेली की न मोजलेली हवा आत शिरते, ॲक्सिलरेटर सोडूनही रेस लगेच उतरत नाही. एअर फिल्टर पावसात भिजला असेल तर उलट, हवा अडते. टॅपेट टाइट झाले असतील, प्लग जुना झाला असेल. हे नेहमीचे संशयित आहेत आणि स्वस्तातले आहेत. या सगळ्यांत पहिलं काय करायचं ते शेवटी सांगते.

पेट्रोलबद्दलही एक. पंपावर आता मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्याकडच्या साखर कारखान्यांची मळी आणि उसाचा रस त्यात जातो, त्यामुळे गावाकडे त्याबद्दल वाईट बोललं की कुणी ना कुणी दुखावतं. मी वाईट बोलत नाही, हिशेब सांगते. इथेनॉलच्या रेणूत स्वतःचाच ऑक्सिजन असतो, म्हणून एक ग्रॅम इथेनॉलला नऊच ग्रॅम हवा पुरते. वीस टक्के मिसळलं की पेट्रोलचा १४.७ चा आकडा साडेतेराच्या आसपास उतरतो. जुन्या कार्बोरेटरला हे कुणी सांगितलेलं नसतं. तो आपला पूर्वीच्या मापानेच सोडत राहतो आणि गाडी थोडी लीन पडते. त्यात आईच्या गाडीचा मिक्श्चर स्क्रू कुणीतरी आणखी आत पिळलेला. शिवाय इथेनॉल पाणी ओढून घेतं. सुट्टीत महिनाभर घरी येणार असशील तर इंजिन चालू ठेवून पेट्रोलचा कॉक बंद कर, कार्बोरेटर रिकामा होऊन गाडी आपोआप बंद पडू दे. कॉक नसेल तर कार्बोरेटरच्या बुडाचा ड्रेन स्क्रू असतो, तो मेकॅनिककडून मोकळा करून घे.

तुझ्या रूममेटची गाडी नवी आहे, तिला हे काही लागू नाही, आणि तिला तुझ्या मेकॅनिककडे स्क्रू फिरवायला पाठवू नकोस. १ एप्रिल २०२० पासून धुराचे बीएस-६ नियम आले आणि बहुतेक दुचाकींतून कार्बोरेटर गेला. तिच्या गाडीत इंजेक्टर पेट्रोल फवारतो, किती फवारायचं ते ईसीयू नावाची डबी ठरवते. झडप किती उघडी आहे, आत हवेचा दाब किती, इंजिन किती तापलंय, हे सेन्सर तिला सांगत राहतात. महाबळेश्वरला हवा विरळ, खाली कोकणात दाट, डबी तो फरक स्वतः भरून काढते. आईची गाडी वर गेली की थोडी रिच होते आणि तशीच कुंथत चढते.

सायलेन्सरच्या वाटेत एक ऑक्सिजन सेन्सर असतो, तो मला आजही जादूचा वाटतो. जर्मनीच्या बॉशने तो काढला आणि १९७६ मध्ये अमेरिकेत विकायच्या व्हॉल्व्हो गाड्यांत पहिल्यांदा बसवला. झिर्कोनियाचा तुकडा तो, तीनेकशे अंश तापला की धुरात ऑक्सिजन उरलाय का ते विजेच्या भाषेत सांगतो: मिक्श्चर रिच असलं की पाऊण-एक व्होल्टच्या आसपास, लीन असलं की जेमतेम दशांश. डबी ते वाचून पेट्रोल जरा कमी करते, की तो लीन म्हणतो, मग जरा वाढवते, की तो रिच म्हणतो. दिवसभर हे असंच मागेपुढे चालू राहतं आणि मिक्श्चर त्या परिपूर्ण जळण्याच्या आकड्याच्या अवतीभोवती फिरत राहतं. एवढा आटापिटा सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसाठी आहे. धुरातल्या तीन मुख्य विषारी वायूंचा तो एकदम बंदोबस्त करतो, पण त्या अरुंद पट्ट्यातच.

तिच्या गाडीची रेसही डबीच सांभाळते. मिटलेल्या झडपेच्या बाजूने हवेची एक चोरवाट असते, तिथला छोटा व्हॉल्व्ह ती गरजेप्रमाणे उघडते-मिटते. म्हणून सकाळी गार असताना रेस आपोआप चढते, चोक ओढावा लागत नाही. तिला एवढंच सांग: किल्ली फिरवल्यावर पेट्रोल पंपाचा बारीक झूं आवाज थांबू दे, मग बटण दाब. टाकी तळाला जाईपर्यंत चालवू नको, पंप पेट्रोलमध्ये बुडूनच गार राहतो. रेस पडायला लागली तर झडपेपाशी काजळी साचलेली असते, थ्रॉटल बॉडी साफ करायला सांग. आणि इंजिनाचा पिवळा दिवा लागून राहिला तर तो दुर्लक्ष करायचा दिवा नाही.

आता तुझं काम. गॅरेजला जाण्याआधी त्या पीयूसीच्या कागदाचा फोटो मला पाठव. त्यावर कार्बन मोनॉक्साइडचे टक्के असतात, आणि हायड्रोकार्बनचा आकडा पीपीएममध्ये असतो. पहिला अगदी तळाला आणि दुसरा फार वर असेल तर पेट्रोल न जळताच बाहेर येतंय, म्हणजे लीन होऊन मिसफायर, आणि माझा संशय पक्का. दोन्ही वर असतील तर मी चुकले, मग आधी एअर फिल्टर.

दुसरं, मेकॅनिकला प्लग काढायला लाव आणि तू स्वतः बघ. टोक दुधाच्या कॉफीच्या रंगाचं असेल तर ठीक, काजळलेलं असेल तर रिच, पांढरंफटक असेल तर लीन. त्याचाही फोटो काढ, पण दुकानाच्या बाहेर उन्हात ये आणि मग काढ. ट्यूबलाइटखाली सगळेच प्लग पांढरे दिसतात.